इंटेल की रायझन? आधी बोर्ड कुठे मिळतो ते विचारा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाव दारव्हा तालुक्यात. घरी पहिल्यांदाच कॉम्प्युटर असेंबल करून घ्यायचा आहे, मॉनिटर सोडून बजेट ४५ हजार. मुलगी यवतमाळला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, रोज एसटीने अप-डाऊन करते. तुम्ही गावातल्या लोकांचे पीकविम्याचे, ई-केवायसीचे फॉर्म भरून देता. धाकटा नववीत आहे आणि त्याला गेम खेळायचा आहे. नागपूरचा दुकानदार म्हणतो प्रोसेसर इंटेलचाच घ्या. यूट्यूबवाले म्हणतात रायझन, म्हणजे एएमडी कंपनीचा. तुमचे मेहुणे म्हणतात एएमडी गरम होतो, आपल्या उन्हाळ्यात टिकायचा नाही.

मी शेजारच्याच तालुक्याच्या गावी २००३ पासून मशीन जोडतो आणि दुरुस्त करतो. एवढ्या वर्षांत उडालेल्या एसएमपीएसचा (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) हिशेब ठेवला नाही, गेलेल्या मदरबोर्डांनी दुकानाचा माळा भरलाय. पण खरोखर मेलेला प्रोसेसर मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच पाहिला. इंटेलचाही, एएमडीचाही. म्हणून "कोणता प्रोसेसर चांगला" हा प्रश्न मला नेहमी अर्धाच वाटतो. प्रोसेसर टिकणारच आहे. त्याच्या खालचा बोर्ड तीन-चार वर्षांनी एखाद्या पावसाळ्यात गेला तर तसाच दुसरा कुठून आणि किती दिवसांत मिळेल, हे आपल्या भागात आधी बघावं लागतं. पुण्यात बसून सल्ला देणाऱ्याला हे सुचत नाही, कारण त्याला दुपारी ऑर्डर दिली की दुसऱ्या दिवशी दारात माल मिळतो.

मेहुण्यांची गोष्ट आधी संपवतो. ते चुकीचं सांगत नाहीत, जुनं सांगतात. २०११ मध्ये एएमडीची एफएक्स मालिका आली होती, त्यातला एफएक्स ८३५० हा १२५ वॅटचा. काम इंटेलपेक्षा कमी आणि उष्णता जास्त, अशी त्याची कीर्ती होती. तेव्हा मीही गिऱ्हाइकाला एएमडी देताना दोनदा विचार करायचो. २०१७ मध्ये रायझन आला आणि चित्र पालटलं. उलट आता इंटेलचे वरचे प्रोसेसर, म्हणजे आय९-१३९००के वगैरे, पूर्ण जोरावर २५३ वॅटपर्यंत जातात. २०२४ मध्ये तर १३व्या आणि १४व्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांत अस्थिरतेचा दोष निघाला. इंटेलने मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्या बजेटात ते येत नाहीत, त्यामुळे त्याची धास्ती घेऊ नका. सांगायचं एवढंच की "हा गरम, तो थंड" हे कंपनीच्या नावावरून ठरत नाही, त्या एका मॉडेलवरून ठरतं.

तुमच्या पैशात खरी लढत दोघांतच आहे: इंटेलचा आय५-१२४०० आणि एएमडीचा रायझन ५ ५६००जी. दोन्ही सहा कोअर, बारा थ्रेडचे, म्हणजे काम करणारे हात दोघांना सारखेच. दोन्हींवर ६५ वॅट लिहिलेलं असतं. पूर्ण जोर लावला तर इंटेलवाला ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो आणि रायझन ८८च्या आसपास थांबतो. फॉर्म भरताना, पीडीएफ जोडताना, मुलीच्या ऑटोकॅडमध्ये रेघा ओढताना दोघंही अर्धे झोपेत असतात. बोटांचे ठसे घेण्याचं यंत्र दोन्हींवर सारखंच चालतं. फॉर्म भरताना जे अडकतं ते सर्व्हरवर अडकतं, त्याला कोणताही प्रोसेसर इलाज नाही.

फरक पडतो तो धाकट्याच्या गेममध्ये. ५६००जी मधलं अंगचं ग्राफिक्स इंटेल १२४०० मधल्या यूएचडी ७३०पेक्षा बरंच पुढे आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड न घेता साधेसुधे गेम, सेटिंग खाली ठेवून, त्यावर नीट चालतात. पण वर्ष-दोन वर्षांनी तुम्ही कार्ड टाकणार असाल तर पारडं फिरतं. ५६००जीची कॅश मेमरी (प्रोसेसरच्या अंगची झटपट मेमरी) अर्धी कापलेली आहे आणि तो पीसीआय एक्स्प्रेसच्या (कार्ड आणि प्रोसेसरमधल्या रस्त्याच्या) तिसऱ्या पिढीवरच थांबतो. कार्ड लावल्यावर १२४०० पुढे निघतो. म्हणजे कार्ड कधीच घ्यायचं नसेल तर रायझन, पुढे घ्यायचं नक्की असेल तर इंटेल. पोराला विचारू नका, तो हो म्हणेल. स्वतःच्या खिशाला विचारा.

आता नावातल्या अक्षरांबद्दल, कारण इथे लोक फसतात. मागच्या वर्षी एक पोरगा सगळं सामान ऑनलाइन मागवून, घरीच जोडून, खोक्यासकट एसटीत घेऊन माझ्याकडे आला. पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन काळी. "काका, बोर्ड खराब पाठवला त्यांनी." मी बिल पाहिलं. रायझन ५ ५६००. पुढे जी नाही. त्या प्रोसेसरात ग्राफिक्सच नसतं, बोर्डाच्या मागच्या एचडीएमआयमध्ये कितीही केबल खुपसली तरी चित्र येणार कुठून? पाच-सातशे रुपये वाचतात म्हणून त्याने जी सोडला होता. इंटेलमध्ये हेच उलट्या बाजूने होतं: १२४०० मध्ये ग्राफिक्स असतं, १२४००एफ मध्ये नसतं. लक्षात ठेवायला सोपं: रायझनच्या या मालिकेत जी हवा, इंटेलमध्ये एफ नको. त्या पोराला शेवटी माझ्याकडचं एक जुनं कार्ड लावून दिलं आणि चहा पाजला.

"आय-सेव्हन पाहिजे" म्हणणारेही रोज येतात. आय७ म्हणजे मोठा, असं डोक्यात बसलंय. पण आय७ २०११ मधला, दुसऱ्या पिढीचाही असतो आणि स्वस्तात "आय७, १६ जीबी" अशी जाहिरात दिसली की बहुतेक वेळा तोच असतो. त्याच्यापेक्षा १२व्या पिढीचा साधा आय३ पुढे पळतो. आडव्या रेघेनंतरचे आकडे वाचा: १२४०० मधले १२ म्हणजे पिढी. कंपन्यांमधून निघालेलं सेकंडहँड मशीन घेणार असाल तर आणखी एक पाहा. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा रायझनची २००० मालिका, त्याच्या खालचं अधिकृतपणे चालत नाही. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील ज्या मशीनवर टाकता, ते जुन्या विंडोजवर चालवू नका.

आता बोर्ड. इंटेल सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, लवकर बदलतो. १०वी-११वी पिढी एका सॉकेटवर, १२ ते १४ दुसऱ्या, एलजीए १७०० वर, आणि २०२४ च्या शेवटी आलेली कोअर अल्ट्रा २०० मालिका तिसऱ्याच. एएमडीने एएम४ हा सॉकेट २०१७ च्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत चालवला. मी एका गुरुजींना २०१८ मध्ये रायझन ३ २२००जी लावून दिला होता. पाच वर्षांनी त्याच बोर्डाचा बायॉस (मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम) अपडेट केला आणि त्यावरच ५६००जी बसवला, रॅम तीच, बोर्ड तोच. इंटेलवर हे जमलं नसतं. (बायॉस अपडेट करताना यूपीएस आणि इन्व्हर्टर दोन्ही लावून बसलो होतो. मध्येच लाइट गेली की बोर्ड कायमचा जाऊ शकतो, हे मी एकदा स्वतःच्या खर्चाने शिकलोय.)

हे वाचून रायझनच घ्यावा असं वाटेल. थांबा. नवीन घेणाऱ्यासाठी एएम४ ची ती लांब शर्यत आता संपत आली आहे. एएमडीचा पुढचा सॉकेट एएम५, २०२२ मध्ये आलेला. तो २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवू असं कंपनीने सांगितलंय, पण त्याला डीडीआर५, म्हणजे नव्या पिढीची रॅमच लागते. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की ४५ हजारांत एएम५ बसवताना एसएमपीएस आणि यूपीएसला कात्री लागेल. आणि ती कात्री मी लावू देणार नाही.

म्हणून मी सांगतो ते करा. फोन उचला आणि तुमच्या जवळच्या दोन दुकानांत, एक दारव्ह्यात आणि एक यवतमाळात, एकच गोष्ट विचारा: "एच६१० बोर्ड आज दुकानात आहे का? आणि ए५२० किंवा बी५५०?" एच६१० हा १२४०० चा बोर्ड, बाकी दोन एएम४ रायझनचे. "आहे" आणि "मागवून देतो" यातला फरक कान देऊन ऐका. माझ्याकडे एच६१० फळीवर असतो, कारण शाळा-पतसंस्थांना इंटेलच लागतो. एएम४ चा बोर्ड मला नागपूरहून मागवावा लागतो. तो ट्रॅव्हल्सच्या पार्सलने येतो, कधी दोन दिवसांत, कधी आठवड्याने. वॉरंटीत बोर्ड पाठवला तर तीन आठवडे धरून चाला, मग कंपनी कोणतीही असो. पीकविम्याची शेवटची तारीख जवळ आलेली, दारात पंधरा माणसं, आणि बोर्ड नागपूरला. या एका प्रसंगाची कल्पना करून ठरवा. तुमच्या भागातला दुकानदार रायझनवाला असेल तर हेच गणित उलट होईल, म्हणून माझं उत्तर आंधळेपणाने उचलू नका.

प्रोसेसर घेताना बॉक्स पॅक घ्या. ट्रे म्हणून सुटा मिळतो तो थोडा स्वस्त पडतो, पण त्यावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी नसते आणि पंखाही वेगळा घ्यावा लागतो.

आता उन्हाळा. प्रोसेसरवरचा पंखा खोलीच्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही. पुण्यात खोली २६ अंश असताना प्रोसेसर ४५ वर बसत असेल, तर आपल्याकडे नवतपात खोली ४२ वर गेल्यावर तोच ६० च्या पुढे बसणार. त्यात दोष नाही, ते साधं बेरजेचं गणित आहे. १२४०० शंभर अंशांपर्यंत आणि ५६००जी ९५ पर्यंत तग धरतो, त्यानंतर स्वतःच वेग कमी करतो. दोन्हींना एवढी जागा पुरते, फक्त हवा वाहती हवी.

आणि हवा अडते ती कापसाने. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात एकजण मशीन घेऊन आला. "चालू होते अन् दहा मिनिटांत बंद पडून राहिली. काऊन होऊन राहिलं हे?" कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरवरचा पंखा फिरत होता, पण त्याच्या खालच्या धातूच्या पात्यांमध्ये रुईचा थर बसलेला. नखाने उचलला तर अखंड निघाला, निरांजनाच्या फुलवातीसारखा गोल, मधोमध पंख्याच्या आकाराचा खड्डा. भाव वाढेल म्हणून त्याने कापूस घरातच भरून ठेवला होता, आणि कॉम्प्युटर त्याच खोलीत. तापमान ९८ दाखवत होतं. रुई काढली, प्रोसेसर आणि पंख्यामधली पेस्ट बदलली, ६५ वर आलं. त्याला कुणीतरी नवा प्रोसेसर घ्यायला सांगितलं होतं! तेव्हा कापूस ज्या खोलीत, त्या खोलीत मशीन ठेवू नका. नाइलाज असेल तर महिन्यातून एकदा बाजू उघडून ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं.

दुसरा शत्रू खिडकीतला कूलर. लोक मशीनला थंड वाटावं म्हणून कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवतात. त्या हवेत पाणी असतं, आणि आपलं बोअरचं पाणी खारट. दोन उन्हाळ्यांत बोर्डाच्या मागच्या जोडण्यांवर हिरवट-पांढरी साय धरते. कूलर चालू ठेवा, पण मशीन त्याच्या आडव्या बाजूला, भिंतीपासून वीतभर लांब. आणि कॅबिनेटच्या मागच्या पट्ट्या उघड्या असतील तर बंद करा. तिथून उंदीर शिरतो. मी कॅबिनेटमधून पिलांसकट घरटं काढलंय, वायरींच्या कुरतडलेल्या तुकड्यांवर बांधलेलं.

दुरुस्तीच्या बाजूने दोन्ही कंपन्यांत एक फरक आहे, तो कुणी सांगत नाही. एएम४ च्या रायझनला पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. पेस्ट जुनी होऊन घट्ट झाली आणि तुम्ही पंखा सरळ वर ओढला, तर कुलूप बंद असतानाच प्रोसेसर पंख्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. पिना वाकतात. मी त्या ०.५ च्या शिसपेन्सिलीच्या रिकाम्या टोकाने एकेक सरळ केल्यात, भिंगाखाली, श्वास रोखून. म्हणून आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करायचं, मग बंद करून, वायर काढून, पंखा डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळत सोडवायचा. इंटेलमध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या बारीक, आणि तिथे चूक झाली तर बोर्ड जातो. पण इंटेलबरोबर आलेल्या पंख्याची वेगळी खोड आहे. त्याचे चार प्लास्टिकचे खुंटे बोर्डात दाबून बसवायचे असतात, आणि चौथा बरेचदा बसल्यासारखा दिसतो पण बसत नाही. प्रत्येकाचा टक् आवाज ऐकू आला पाहिजे. नाहीतर नव्या कोऱ्या मशीनचं तापमान पहिल्याच दिवशी शंभराला टेकतं आणि दोष कंपनीला लागतो. मेहुण्यांना हेही सांगा.

लाइटचं तुम्हाला मी काय सांगावं. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज कधी १७० वर येतं, आणि मोटारी बंद झाल्या की एकदम उसळतं. बोर्ड त्यानेच जातात. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा "४५० वॅट" लिहिलेला एसएमपीएस हातात घेऊन पाहा, तो रिकाम्या डब्यासारखा हलका लागतो. त्याऐवजी नामांकित कंपनीचा, ८० प्लसचा (वीज कमी वाया घालवण्याचा) ठसा असलेला, ४५० वॅटचाच घ्या. दोन हजार जास्त जातील, जाऊ द्या. वरील दोन्हींपैकी कोणतंही मशीन, ग्राफिक्स कार्ड नसताना, पूर्ण जोरावरही साधारण दीडशे वॅटच्या आत राहतं. मॉनिटर धरून ६०० व्हीएचा यूपीएस, जो साधारण ३६० वॅट पेलतो, फाइल सेव्ह करून बंद करायला पुरतो.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर हवं. साध्या मोडवर लाइट गेल्यावर पलटी घ्यायला त्याला वेळ लागतो आणि मशीन रीस्टार्ट होतं. मात्र यूपीएस मोडवर इन्व्हर्टर कमी व्होल्टेज खपवून घेत नाही. १७० दिसलं की लाइट असूनही बॅटरीवर जातो आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी रिकामी. म्हणून कमी व्होल्टेजच्या गावात मी इन्व्हर्टर साध्या मोडवर ठेवतो आणि मशीनसाठी छोटा यूपीएस वेगळा लावतो. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर समजा अर्थिंग नाही. ते आधी करून घ्या, इलेक्ट्रिशियनचं दिवसभराचंही काम नाही.

रॅमबद्दल एक वाक्य राहिलं. रायझन ५६००जी घेतलात तर १६ जीबीची एक पट्टी घेऊ नका, आठ-आठच्या दोन घ्या. त्याचं ग्राफिक्स रॅममधूनच जेवतं, एका पट्टीवर ते अर्धपोटी राहतं आणि पोरगा म्हणतो गेम अडकतो. इंटेलवर एक पट्टीही चालेल, दुसरी नंतर टाका.

मी तुमच्या जागी असतो तर? तुमच्या घरात कमाई फॉर्मांवर आहे आणि बोर्ड बदलायला आठवडा थांबणं तुम्हाला परवडणार नाही. दारव्ह्याच्या दुकानात एच६१० फळीवर असेल तर मी १२४०० घेईन, एफ नसलेला, आणि धाकट्याला सांगेन की दहावीनंतर कार्ड बघू. पण त्याच दुकानदाराने "ए५२० आहे, उद्या येऊन जा" म्हटलं, तर ५६००जी घ्या आणि पोराला आत्ताच खूश करा. फोन करून काय उत्तर आलं ते कळवा. बोर्डाचं नेमकं मॉडेल सांगितलंत तर त्याला कोणता बायॉस लागतो ते मी पाहून ठेवतो.